साठीनंतरचे सारथ्य

वाहन चालविण्याचा परवाना देताना आपली जी परीक्षा घेतली जाते ती बहुधा विशी-पंचविशीत होते. आणि त्यानंतर, आपल्या हातून काही गंभीर अपराध घडला नाही तर, पुढील चाळीस-पन्नास वर्षांत कोणीही जाणता मनुष्य आपल्या शेजारच्या आसनावर बसून, आपण आरशात केव्हा पाहतो, चौकात वेग कितपत आवरतो, उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग बरोबर जोखतो की नाही, याची पाहणी करीत नाही. या दीर्घ अवधीत रस्ते बदलले, गाड्यांची गती वाढली, सायकलींच्या जागी स्कूटरी आणि मोटारसायकलींचे लोंढे आले, आणि मुख्य म्हणजे आपण स्वतः बदललो. तेव्हा उतारवयात चालकाची फेरतपासणी व्हावी काय, आणि व्हावयाची तर ती सरकारी सक्तीने व्हावी की ज्याची त्याने स्वेच्छेने करून घ्यावी, हा प्रश्न, ज्या ज्या घरी साठी ओलांडलेला चालक आहे, त्या त्या घरचा आहे. माझे मत असे की तपासणी अवश्य व्हावी. परंतु केवळ जन्मतारखेकडे पाहून ती कोणी लादण्याची वाट न पाहता, आपण होऊन, वेळेवर आणि प्रत्यक्ष रस्त्यावर ती करून घेण्यातच चालकाची इभ्रत आणि इतरांचा जीव, दोन्हींचे रक्षण आहे.

प्रथम कायद्याची स्थिती ध्यानात घेऊ. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार खासगी वाहनाचा परवाना तिशीच्या आत मिळालेला असेल तर तो वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात मिळाला किंवा नूतन झाला तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान नूतन झाला तर साठ वर्षे पूर्ण होईतो. आणि पंचावन्ननंतर दर खेपेस पाच वर्षांचीच मुदत मिळते. मुदत संपण्याच्या एक वर्ष अगोदरपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, परंतु मुदत उलटून वर्षाहून अधिक काळ लोटला तर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. मुदतबाह्य परवान्यावर गाडी बाहेर काढणे हा गुन्हा आहेच, शिवाय अपघात घडल्यास विम्याच्या भरपाईवरही पाणी सोडावे लागण्याचा संभव असतो.

चाळिशीनंतरच्या प्रत्येक अर्जासोबत 'नमुना १-अ' हा वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते काय, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, भोंग्याचा आवाज ऐकू येतो काय, हातापायांत काही वैगुण्य आहे काय, असे हे प्रश्न आहेत. कायदा करणाऱ्यांनी ते पुरेशा गांभीर्याने घातलेले आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी शिरस्ता असा पडून गेला आहे की अर्जदाराचा चेहराही न पाहता एजंटामार्फत सहीशिक्क्याचा कागद हाती येतो, आणि पाच वर्षांतून एकदा होऊ शकणारी एकमेव सरकारमान्य तपासणी कागदोपत्रीच उरकते. या लेखातील पहिली सूचना म्हणूनच अगदी साधी आहे: हा दाखला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून, त्यांच्यासमोर बसून, प्रत्येक रकान्याची खातरजमा करून घ्यावा. २५ मीटर म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर एस.टी.च्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर साधारण जेवढी लांबी होईल तेवढे अंतर धरावे. सोसायटीच्या फाटकापाशी उभे राहून इतक्या अंतरावरची अनोळखी पाटी चष्मा लावूनही वाचता येत नसेल, तर त्या दिवशी गाडी न काढता नेत्रवैद्यांची वेळ घ्यावी.

सक्तीच्या फेरपरीक्षेचा प्रयोग इतर देशांनी करून पाहिलेला आहे आणि त्यांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल असा आहे. जपानमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या चालकास नूतनीकरणाच्या वेळी स्मृती व आकलन यांची चाचणी द्यावी लागते, आणि मे २०२२ पासून, ज्याच्या नावावर काही विशिष्ट स्वरूपाचे नियमभंग असतील अशा चालकास प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये तोक्योतील इकेबुकुरो येथे सत्त्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांच्या मोटारीखाली एक तरुण माता व तिची तीन वर्षांची कन्या मृत्युमुखी पडली, तेव्हा साऱ्या देशाला हादरा बसला, आणि त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने आपण होऊन परत केले. परवाना परत करणाऱ्यास तेथे पूर्वीच्या वाहनचालनाची नोंद असलेले एक प्रमाणपत्र मिळते, ते ओळखपत्र म्हणून चालते आणि पुष्कळ गावी त्यावर बसच्या वा टॅक्सीच्या भाड्यात सवलतही मिळते. ही तजवीज मला फार विचारी वाटते.

याउलट डेन्मार्कने २००६ साली सत्तरीपुढील चालकांच्या नूतनीकरणाला आकलनचाचणीची जोड दिली, आणि पुढे संशोधकांनी आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा वृद्ध मोटारचालकांचे प्राणघातक अपघात घटल्याचे दिसले नाही. मात्र पायी किंवा सायकलवर असलेल्या वृद्धांचे मृत्यू वाढल्याचे आढळले. मोटार सुटली म्हणून प्रवास सुटत नाही. तो अधिक असुरक्षित साधनाने होऊ लागतो, एवढाच याचा अर्थ. ज्या आपल्या शहरांत पदपथ फेरीवाल्यांनी आणि उभ्या दुचाक्यांनी व्यापलेले आहेत तेथे या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. नुसत्या वयाच्या आधारे सर्वांनाच परीक्षेला बसविण्यास माझा विरोध आहे तो यासाठी.

ब्रिटनचा मार्ग मला अधिक अनुकरणीय वाटतो. तेथे सत्तराव्या वर्षी परवान्याची मुदत संपते व पुढे दर तीन वर्षांनी स्वतःच्या निवेदनावर तो नूतन होतो. ही व्यवस्था काहीशी ढिली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या जोडीला 'आयएएम रोडस्मार्ट'सारख्या संस्था शुल्क घेऊन एक अनुभवी परीक्षक पाठवितात. तो चालकाच्याच गाडीत, त्याच्याच नेहमीच्या रस्त्यांवर सुमारे तासभर शेजारी बसतो आणि शेवटी काय चांगले, काय सुधारण्याजोगे, हे स्पष्ट सांगतो. पास-नापास असा शेरा त्यात नसतो, आणि तेथील निरीक्षण परवाना खात्याच्या दफ्तरात जात नाही. परवाना जाईल अशी धास्ती ज्याच्या मनात आहे तो मनुष्य कधीही आपण होऊन तपासणीस जाणार नाही, हे ओळखून ही रचना केलेली आहे. आपल्याकडे अशी स्थिर व्यवस्था अद्याप रूढ नाही. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलांमधून ती सहज उभी करता येईल आणि परिवहन खात्याने तिला उत्तेजन द्यावे. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. तिचे सर्व घटक आपल्या गावात हजर आहेत, त्यांची नीट सांगड मात्र आपण घातली पाहिजे.

आरंभ डोळ्यांपासून करावा. साठ वर्षांच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. दिवसा ही उणीव जाणवत नाही, पण सांगली-कोल्हापूर-सोलापूर भागात हंगामाच्या दिवसांत, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॉली अंधारातून एकाएकी पुढ्यात येते तेव्हा ती फार जाणवते. अप्पर लावून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर पडल्यानंतर रस्ता पुन्हा दिसू लागण्यास तरुणाला लागतो त्याच्या कितीतरी अधिक वेळ वृद्धास लागतो, आणि मोतीबिंदू असेल तर त्या प्रकाशाची वलये होऊन समोरचे सर्वच पुसून जाते. जानेवारी २०१९ मध्ये राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांच्या गाडीला सँड्रिंगहॅमजवळ अपघात झाला तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. कलत्या सूर्याचा झोत डोळ्यांवर आल्याचे त्यांनी जखमी महिलेस लिहिलेल्या पत्रात नमूद केले, आणि पुढील महिन्यात आपला परवाना परत केला.

मोतीबिंदूच्या बाबतीत सांगण्यासारखी समाधानाची गोष्ट अशी की, अमेरिकेतील अलाबामा येथे झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोतीबिंदू काढून घेतलेल्या चालकांचे अपघातांचे प्रमाण तो न काढलेल्यांच्या सुमारे निम्मे आढळले. म्हणजे तपासणीचा शेवट किल्ली ठेवून देण्यातच होतो असे नाही. पुष्कळदा तो आणखी दहा वर्षे निर्धास्त गाडी चालविण्यात होतो. काचबिंदू मात्र यापेक्षा कपटी. त्यात वेदना नसते, समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ वाचता येते, आणि कडेची दृष्टी अशी हळूहळू आटत जाते की मेंदू ती उणीव स्वतःच भरून काढतो व रोग्याला पत्ता लागत नाही. नंबरप्लेट वाचता येणे ही मध्यदृष्टीची कसोटी झाली. फुटपाथवरून एकदम रस्त्यावर धावणारे मूल दिसते ते कडेच्या दृष्टीने. म्हणून साठीनंतर नेत्रवैद्यांकडे गेल्यावर केवळ चष्म्याचा नंबर न काढता, "मी गाडी चालवतो, डोळ्यांतला दाब आणि दृष्टिक्षेत्रही तपासा," असे आवर्जून सांगावे.

त्यानंतर आपल्या डॉक्टरांपुढे चालू औषधांची सगळी पाकिटे नेऊन ठेवावीत, सर्दीची आणि झोपेची सुद्धा. क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळीने किंवा रात्री घेतलेल्या अल्प्राझोलामने दुसऱ्या दिवशी सकाळीही प्रतिक्रिया मंदावते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेह्याची साखर गाडी चालविताना एकाएकी उतरली, तर घाम व गोंधळ यांपुढे जाऊन शुद्धही हरपू शकते. इन्सुलिन घेणाऱ्या चालकाची साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्याने आधी काही खाऊन मगच निघावे, असा ब्रिटनमध्ये दंडक आहे, तो आपणही पाळावा आणि ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवावी. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपायाची संवेदना बोथट होते आणि आपला पाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर हे पायाला कळेनासे होते. अशांनी चपला घालून गाडी चालविण्याचे कटाक्षाने टाळावे. पक्षाघात, फेफरे, वारंवार येणारी भोवळ, कंपवात, परिचित रस्त्यावर वाट चुकणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट अनुमती देईपर्यंत गाडीला हात लावू नये. येथे स्वेच्छेचा प्रश्न उरत नाही. व्याधीमुळे चालक अपात्र झाल्याचे मानण्यास सबळ कारण असेल तर परवाना केव्हाही रद्द करण्याचा किंवा नवा वैद्यकीय दाखला मागण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १६ ने परवाना अधिकाऱ्यास दिलेलाच आहे.

आता प्रत्यक्ष रस्त्यावरची पाहणी. ती मुलाने, जावयाने वा मित्राने करू नये. कारण घरच्या माणसाच्या प्रत्येक शब्दाला मागील वीस वर्षांचे संदर्भ चिकटलेले असतात. गावातल्या चांगल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन, मला नवे शिकावयाचे नाही, माझ्या हाताची पाहणी करून हवी आहे, असे सांगावे, एका तासाची फी द्यावी, आणि शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असलेली त्यांची गाडी घेऊन आपल्या रोजच्याच रस्त्यांवर निघावे. आमच्या परिचयातील एक निवृत्त उपअभियंता सत्तरी उलटल्यावर असे गेले होते. त्यांचे क्लच व गियरवरचे प्रभुत्व पाहून शिक्षकाने पहिल्या दहा मिनिटांतच मान डोलावली. पुढे एका चौकात डावीकडे वळताना मात्र गाडी अचानक थांबली, ती शिक्षकाच्या पायाने. "साहेब, हात तुमचा पक्का बसलेला आहे, पण ती सायकलवाली मुलगी तुम्हांला दिसली का?" असे शिक्षकाने विचारले, तेव्हा साहेबांनी प्रतिप्रश्न केला, "कोणती मुलगी?" डोळे निर्दोष होते, मानेच्या मणक्यांच्या विकारामुळे त्यांची मान वळत नव्हती, आणि ते नजर तेवढी वळवून भागवीत होते. फिजिओथेरपिस्टकडून मानेचे व्यायाम, आसन थोडे उंच व पुढे, बाजूच्या आरशांवर बहिर्वक्र छोटा आरसा, आणि वळण्यापूर्वी क्षणभर पूर्ण थांबण्याची सवय, एवढ्या उपायांनी ते आज निःशंकपणे गाडी चालवितात. ही गोष्ट त्यांना मुलाने सांगितली असती तर घरात आठवडाभर अबोला राहिला असता.

पाहणीत शिक्षकाला काही गोष्टी मुद्दाम बघावयास सांगाव्यात. उजवे वळण ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची, कारण आपण डाव्या बाजूने चालत असल्यामुळे त्या वळणात समोरचा सारा प्रवाह छेदावा लागतो, आणि वाढत्या वयात मनुष्य समोरच्या वाहनाचे अंतर बरोबर पाहतो पण त्याचा वेग कमी लेखतो. दुसरी, गाडी मागे घेणे. तिसरी, बोलता बोलता चालविणे: शिक्षकाने साधी विचारपूस चालू ठेवावी आणि त्या वेळी सिग्नल, गतिरोधक, पादचारी यांच्याकडचे लक्ष उणावते काय ते टिपावे. निरीक्षण कागदावर लिहून मागावे. वर्षभराने पुन्हा त्याच शिक्षकाकडे गेल्यास तो कागद तुलनेला फार उपयोगी पडतो.

स्कूटर चालविणाऱ्या ज्येष्ठांची गोष्ट निराळी आहे, आणि आपल्या राज्यात त्यांची संख्या मोटार चालविणाऱ्यांहून कमी नसावी. शंभर किलोंहून जड गाडी कलली असता एका पायावर सावरण्याचे बळ गुडघ्यात आहे काय, हीच तेथे पहिली कसोटी. गाडी बंद असताना, बाजूला कोणी उभे करून, ती किंचित कलती करून सावरून पाहावी. जमत नसेल तर मागे नातवंडास बसवून शाळेत पोहोचविण्याचे काम त्याच दिवसापासून दुसऱ्या कोणाकडे सोपवावे.

तपासणीचा निकाल 'चालवा' किंवा 'थांबा' या दोनच शब्दांत येतो असे समजू नये. रात्रीचे चालविणे सोडावे, पावसाळ्यात घाट टाळावा, द्रुतगती मार्गाऐवजी गावातले परिचित रस्ते तेवढे ठेवावेत, गियरची गाडी विकून ऑटोमॅटिक घ्यावी, अशा अनेक मधल्या पायऱ्या आहेत, आणि त्या आपल्या आपण ठरविलेल्या असल्या की मनाला सलत नाहीत.

घरच्या मंडळींनी कसे बोलावे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. डाव्या दारावर वाढत चाललेले ओरखडे, फाटकाच्या खांबाला लागलेला गाडीचा रंग, वळण संपल्यावरही लुकलुकत राहिलेला इंडिकेटर, शेजारी बसलेल्या पत्नीचा पाय आपोआप ब्रेक दाबल्यासारखा ताठणे, या खुणा मुलांना वडिलांच्या आधी दिसतात. अशा वेळी "बाबा, आता वय झालं, किल्ली इकडे द्या," हे वाक्य क्रूर तर आहेच, पण निष्फळही आहे. "बाबा, परवा तासवड्याच्या टोलनाक्याजवळ तो टेम्पो तुमच्या लक्षात यायला उशीर झाला, असं मला वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊ का? मीही माझे डोळे दाखवून घेतो," असे एका घटनेपुरते बोलावे, दहा घटनांचा पाढा वाचू नये. किल्ली लपविणे, बॅटरीची वायर काढून ठेवणे असले उपाय, स्मृतिभ्रंशासारखा आजार ठरलेला नसेल तर, कोणी योजू नयेत.

ज्यांना थांबावेच लागेल त्यांच्यासाठी पर्यायाची आखणी आधीपासून हवी. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास मिळतो, पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला निम्मे तिकीट लागते, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या तिकिटाची सवलत आहे. गावाबाहेरच्या प्रवासाची सोय त्यामुळे पुष्कळ झाली. दवाखाना, भाजीमंडई, बँक, देऊळ या रोजच्या फेऱ्यांसाठी मात्र ओळखीचा रिक्षावाला जोडून ठेवणे, आणि गाडीचा विमा, देखभाल व इंधन यांवर वर्षाकाठी जाणारी रक्कम त्या भाड्याकडे वळविणे, हे चालविणे सुटण्यापूर्वीच अंगवळणी पडावे.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब शेवटी लिहितो. कितीतरी घरांत पत्नीकडे परवाना असतो, तरुणपणी तिने गाडी चालविलेलीही असते, पण 'हे चालवतात' म्हणून तिचा हात वीस-पंचवीस वर्षे स्टिअरिंगला लागलेला नसतो. पतीला थांबावे लागते त्या दिवशी दोघेही घरात अडकून पडतात. अशा भगिनींनी आपल्या पंचावन्न-साठीतच, पतीची प्रकृती ठणठणीत असतानाच, परवान्याची मुदत तपासून घ्यावी, तो नूतन करून घ्यावा आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचे वर्ग लावावेत. आरंभीचा सराव रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना करावा. शेजारी पती नसावेत, शिक्षक असावा. आणि हात मोकळा झाल्यावर आठवड्यातील एक तरी ठरलेली फेरी, मग ती मंडईची असो वा बँकेची, कायमची आपल्याकडे घ्यावी.